रॅपरवरची काकी

लिफ्टमध्ये एका बाईनं आपल्या मुलीचं तोंड काकीच्या चेहऱ्यानं पुसलं. झालं इतकंच. मुलीच्या ओठांना, हनुवटीला चॉकलेट लागलं होतं, बाईनं पर्समध्ये रुमाल शोधला, तो मिळेना, म्हणून हातातल्या चॉकलेटचा कागद दुमडला आणि खसाखसा पुसलं. कागद मऊ होता. तो मऊच हवा, हाताला घरच्या सुती कापडासारखा लागला पाहिजे, असा हट्ट कल्पितानंच धरला होता, आणि त्यासाठी छापखान्याच्या चार खेपा घातल्या होत्या. दुमडलेल्या बाजूला गोदूकाकी होती. डोक्यावरून पदर, हातात कोकोचं पिवळं फळ, मागे पोफळींची रांग, आणि ते हसू, जे कॅमेऱ्यापुढं येईना म्हणून शेवटी कल्पितानं काकांची नक्कल करून तिला हसवलं होतं. आता त्या दातांवरून तपकिरी ओघळ गेला होता. बाई आपल्या मजल्यावर उतरली, उतरताना कागद लिफ्टच्या दांडीत खोचून गेली. दार मिटलं. कल्पिताला वाटलं, उरलेली माणसं आता आपल्याकडे बघणार, कोणीतरी विचारणार, ही तुमची कोण? पण जो तो आपापल्या फोनमध्ये डोकं घालून उभा होता. तिनं कागद हळूच काढला आणि पर्समध्ये टाकला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

कारण लाज वाटायची ती त्या बाईची नव्हतीच. खाल्लेल्याचा कागद माणूस फेकतोच, काय देव्हाऱ्यात ठेवणार? लाज वेगळीच होती आणि ती गणपतीपासून तिच्याबरोबर जेवत होती, झोपत होती. त्या चॉकलेटमध्ये काकीच्या वाडीतला कोकोचा एक दाणाही नव्हता. कागदावर मात्र लिहिलं होतं, ‘चौलच्या वाडीतून, गोदूबाईंच्या हातून.’ हे शब्द कल्पिताचे. कंपनीत तिचं कामच ते. अजेय चॉकलेट करायचा, ती शब्द करायची. अजेय भला माणूस, दुकान त्याचं, जिद्द त्याची. कोको पिकवणाऱ्याला त्याच्या घामाचं मोल आणि मान दोन्ही मिळालं पाहिजे असं तो मनापासून म्हणायचा. त्याला खोटं बोलायला जमत नसे. म्हणून तो लिहायचं काम कल्पिताला देत असे.

आणि शब्द लिहिले तेव्हा खरेच होते, हे ती स्वतःला पुनःपुन्हा सांगे. वादळानं काकांच्या वाडीतली अर्धी पोफळ आडवी केली तेव्हा तीच चौलला गेली होती. उरलेल्या झाडांच्या सावलीत कोको होईल, हे अजेयचं म्हणणं तिनंच काकीच्या गळी उतरवलं होतं. रोपं लागली. धरली. खोडालाच फळं लागतात म्हणून शेजारपाजारचे बघायला यायचे. पहिला मोठा तोडा निघाला, वाळलेल्या बियांची पोती मुंबईला आली, अजेयनं स्वतः सुरी घेऊन एक बी चिरली. आतून ती पाटीसारखी करडी होती. वास नाही, काही नाही. त्यानं दाताखाली धरली आणि तोंड असं केलं की कल्पितानं नजर वळवली. ‘आंबवल्याच नाहीत गं,’ तो म्हणाला. ‘अगदी स्वच्छ आहेत. धुतल्या की काय?’

धुतल्याच होत्या. हे ऐकताक्षणी कल्पिताच्या डोळ्यांपुढं विहिरीचा कठडा आला, रोवळी आली, काकीचे कोपरापर्यंत ओले हात आले. फळ फोडलं की आत रामफळाच्या गरासारखं पांढरं बुळबुळीत असतं. त्या गरासकट बिया पेटीत घालून, केळीच्या पानांनी झाकून आठवडाभर ठेवायच्या, त्या तापतात, आंबट वास सुटतो, आणि त्यातूनच पुढं चॉकलेटची चव येते. हे सगळं तिनं काकीला मोबाइलवर दाखवलं होतं. काकी व्हय व्हय म्हणाली होती. पण काकी म्हणजे बाजारातून आलेली नाणीसुद्धा धुऊन डब्यात टाकणारी बाई. जायफळ ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय ती व्यापाऱ्याला देत नसे. तिच्या वाडीतून चिलटं बसलेला, नासका वास मारणारा माल लोकांच्या तोंडात जाणार? ‘आळशी माणसांची कामं ती,’ असं ती काकांना म्हणाली असणार, आणि दुसऱ्याच दिवशी पेटी विहिरीवर नेऊन, रोवळीत घालून, घासघासून दाण्यान् दाणा मोत्यासारखा केला असणार. कल्पिताला तेव्हाच तिला फोन करता आला असता. काकी, चुकलं गो, पुढच्या वेळी धुऊ नकोस. एवढंच तर वाक्य. पण आयुष्यभर जिच्या स्वच्छतेचे गोडवे गायले, तिला कोणत्या तोंडानं सांगायचं की तुझ्या स्वच्छतेनंच माल गेला? आज सांगू, उद्या सांगू करता करता रॅपर छापून झाले होते. अजेय दोन दिवस घुम्यासारखा बसला आणि मग म्हणाला, ‘यंदा बाहेरचा कोको घेऊ. काकींचे पैसे आपण चोख दिलेत, त्यांचं काही नुकसान नाही. चेहरा राहू दे. चेहरा तर खरा आहे ना?’  काकीची पोती जिन्याखाली गेली, आणि कुठल्याशा व्यापाऱ्याकडून दुसरी पोती आली. त्यांच्यावर नुसता शिक्का होता, कुणाचं नाव नव्हतं. त्यांच्या चॉकलेटला काकीचा चेहरा गुंडाळला. लोकांना आवडलं. एका बाईनं तर कळवलं की कागदावरच्या आजींचं हसू बघून मला माझी आई आठवली.

लिफ्टच्या त्या दिवशी संध्याकाळी काकीचा फोन आला. दर आठवड्याला येई तसाच. ‘कल्पू, अजून फोडली न्हाय गो. तुझी वाट बघतेय.’ चॉकलेटची वडी, सोबत एक सुटा कागद, असं तिला कुरिअरनं पाठवलं होतं, गणपतीच्याही आधी. पण नव्या झाडाचं पहिलं फळ आपण आधी खायचं नाही, हा वाडीचा रिवाज. आधी ते वाडीच्या राखणदारापुढं ठेवायचं, गाऱ्हाणं घालायचं, मग माहेरवाशिणीच्या तोंडात पहिला घास, आणि मग घरच्यांनी खायचं. काकीला लेक नाही. कल्पिता पुतणी, तीच त्या घरची माहेरवाशीण. वादळानंतर लावलेल्या कलमाचा पहिला आंबा, गावठी पपनसाची पहिली फोड, सगळं तिच्याच तोंडात पडलेलं. आंबा तसा चॉकलेट, काकीच्या लेखी फरक नव्हता. गणपतीला कल्पितानं काम सांगितलं, दसऱ्याला ताप सांगितला, दिवाळीला सांगायला काही उरलं नाही तेव्हा फोनच उचलला नाही. आता मार्गशीर्ष लागला होता. ‘फ्रीजमदी ठेवलीय,’ काकी म्हणाली, ‘काका तर सारखे दार उघडून बघतात. आणि ऐक, ते बंगलेवाले वाडी मागायला परत येऊन गेले. काकांनी त्यांच्या नाकावर तुझा कागद धरला. म्हणाले, आमचा माल मुंबईत नावानिशी जातो, आम्ही कशाला विकू?’ कल्पिता हो हो म्हणाली.  दुसऱ्या दिवशी अजेय म्हणाला की नव्या रॅपरसाठी काकींचे नवे फोटो हवेत, जाऊन ये. म्हणजे जायलाच हवं होतं.

गेटवेहून निघालेल्या लाँचमध्ये ती वरच्या डेकवर बसली. एक कुटुंब सीगलना वेफर्स भिरकावत होतं आणि पक्षी हवेतल्या हवेत झेलत होते, वेफर काय नि कागद काय, त्यांना सारखंच. तिनं मनात वाक्यं जुळवायला घेतली. शब्द करायचं काम तिचंच की. काकी, एक सांगायचं होतं. काकी, रागावू नकोस. काकी, यंदा जरा गडबड झाली. प्रत्येक वाक्य ऐकायला छान होतं, रॅपरवर छापावं असं, आणि प्रत्येकात ती स्वतः कुठंतरी मागच्या बाजूला उभी होती. गडबड झाली. कोणी केली? तिला आपलीच किळस आली. आणि सांगितलं तर काय, हाही प्रश्न होताच. वादळानंतर काकांनी वर बघणं सोडलं होतं. पोफळीचा शेंडा म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य, आणि ते ओटीवर मान खाली घालून बसायचे. विकून टाकू, मुरूडच्या रस्त्यावर एखादा गाळा घेऊ, असं बोलू लागले होते. शेजारच्या दोन वाड्या गेल्याच होत्या, तिथं आता निळ्या टाइल्सचे तलाव होते आणि शनिवारी गाणी लागायची. काकांची वाडी टिकली होती ती त्या कागदाच्या जोरावर. तो कागद खोटा आहे, हे कल्पितानं सांगायचं, आणि मग परतीची लाँच पकडायची. त्यापेक्षा खावा एक तुकडा, म्हणावं छान, काढावेत फोटो. पुढच्या तोड्याला सांगावं की बाई धुऊ नकोस. मग पुढच्या वर्षी सगळं खरं होईल. खोटं हे असं थोड्या मुदतीचंच असतं, प्रत्येकाला तसंच वाटतं. मांडव्याचा धक्का दिसू लागला तोवर तिचा हा विचार पक्का झाला होता, आणि तिला चक्क भूक लागली.

पण अलिबागहून निघालेली रिक्षा चौलच्या वळणाला आली, दोन्ही बाजूंनी वाड्या सुरू झाल्या, अंगावर ती ओलसर गार सावली पडली, आणि भूक मेली. काकी फाटकातच उभी होती. नवी साडी नेसली होती. ‘किती वाळलीस गो! त्या मुंबईत खातेस का नुसती लिवतेस?’ असं म्हणून तिनं आधी कल्पिताच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. काका ओटीवर होते, पण मान वर होती. ते पहिल्यांदा दिसलं आणि ते बघणंच कल्पिताला सगळ्यात कठीण गेलं. ‘ये, बघ,’ ते म्हणाले, आणि चौकटीकडे बोट केलं. गणपतीचं चित्र, त्याच्या शेजारी, नीट कात्रीनं कापून, खळीनं चिकटवलेला, रॅपर. काकी हसत होती. तिच्या दातांवर डाग नव्हता. कल्पितानं पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

‘शेजारची केसर विचारते, तू कधी गो इतकी हसलीस?’ काकी म्हणाली. ‘मी बोलले, आमची कल्पू काकांची नक्कल करते तेव्हा तूपण हसशील.’ काकाही हसले. चहा झाला. गवती चहा, आल्याचा वास, बशीत पोह्यांचे पापड. अंगणात सुपारी वाळत पडली होती, विहिरीवर पंप चालू होता आणि पाटातून पाणी झाडाझाडाच्या आळ्यात जात होतं. जे होतं ते सगळं तिच्या ओळखीचं होतं आणि प्रत्येक गोष्ट जणू तोंड फिरवून बसली होती. असं काही नसतं, हेही तिला कळत होतं. पाटाला काय करायचंय? पण बालपणी खोटं बोलल्यावर घरातल्या भांड्यांची भीती वाटायची, तसं होत होतं. विहिरीच्या कठड्यावर रोवळी पालथी घातलेली होती. धुतलेली, स्वच्छ.

राखणदार वाडीच्या टोकाला, उंडीच्या झाडाखाली. एक शेंदूर लावलेला धोंडा, त्याच्यापुढं चिरा. वाटेत कोकोची झाडं होती, खोडांना पिवळी फळं लोंबत होती आणि काकी प्रत्येकाला जाताजाता हात लावत होती, गोठ्यातल्या गुरांना लावावा तसा. चिऱ्यावर तिनं केळीचं पान ठेवलं. पदराआडून वडी काढली. कागद फाडला नाही; चिकटवलेली बाजू नखानं सोडवली, कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. वडीचा तुकडा पानावर ठेवला, दिवा लावला, वाऱ्याला काकांनी टोपी आडवी धरली. मग काकीनं हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. फोनवर बोलते त्याच आवाजात. ‘बा राखणदारा, वादळात तू राखलंस ते राखलंस, गेलं ते तुझं. ही नवी झाडं तुझ्या पायाशी लावली. ही आमच्या ह्यांच्या, महादेवाच्या वाडीची, गोदूच्या हातची पयली जिन्नस, तुला दाखवतेय. गोड मानून घे. आमच्या नावाला बट्टा लागू देऊ नको.’ काका म्हणाले, ‘होय महाराजा.’ कल्पितानंही म्हणायचं होतं. तिनं नुसतेच हात जोडले.

‘आता तू,’ काकी म्हणाली आणि दुसरा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तो फ्रीजमधला असूनही लगेच ओलसर व्हायला लागला. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होती. काका तर लहान मुलासारखे, किंचित ओठ उघडून. कल्पितानं हात वर नेला. वास आला, तो तिच्या ओळखीचा होता, अजेयच्या भट्टीचा, चांगला, गोड, परका वास. खावं आणि मोकळं व्हावं. लाँचवर ठरलं होतं ना? पण नंतर काकी खाणार. काका खाणार. मग काकी डोळे मिटून म्हणणार की आपल्या वाडीचीच चव हाय, जायफळाचा वास येतोय बघ. ती हे म्हणणार याची कल्पिताला इतकी खात्री होती की तिनं ते जवळजवळ ऐकलं. आणि ते ऐकून ‘हो’ म्हणणं, ते आपल्याच्यानं होणार नाही, हे तिला कळलं. त्यात चांगुलपणा काही नव्हता. नुसती ताकद संपली होती.

‘काकी, हे आपलं नाही,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘ह्यात आपल्या वाडीतलं काही नाही. एक दाणा नाही. तू बिया धुतल्यास, त्या आंबल्या नाहीत, त्यांचं चॉकलेट झालंच नाही. पोती तशीच पडलीत. हे दुसऱ्याच कुणाच्या कोकोचं आहे. मला तेव्हापासून माहीत होतं. कागद मी लिहिला.’

लाँचवर जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही तिच्या तोंडून आलं नव्हतं. काका टोपी दिव्याला आडवी धरून तसेच उभे राहिले.  काकी आपल्या हातांकडे बघत म्हणाली, ‘म्हंजे मीच धुऊन घालवलं.’

‘तुझी चूक नाही गं. मीच नीट...’

‘माझीच. तू दाखवलं होतंस. मला वास सोसला न्हाय.’ तिनं मान वर केली. ‘मग मला का सांगितलं न्हाय?’

‘तुला वाईट वाटलं असतं म्हणून.’

‘आता वाटलं न्हाय व्हय?’ काकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं कल्पिताला वाटलं. शिव्या घालाव्यात, हाताला धरून फाटकाबाहेर काढावं, म्हणजे मनाला काही धरायला तरी मिळालं असतं. काकांनी टोपी खाली घेतली. दिवा विझला. ‘चौकटीवरचा कागद काढायला हवा,’ ते स्वतःशीच म्हणाले, ‘आणि त्या बंगलेवाल्याला आता काय सांगायचं?’ ‘ते मग बघू,’ काकी म्हणाली. ‘आधी हे निस्तरू दे.’

ती चिऱ्यापुढं खाली बसली. पानावरचा तुकडा उचलून तिनं बाजूला ठेवला, पदरानं पान पुसलं. ‘बा, चुकले,’ ती धोंड्याला म्हणाली. ‘लोकाच्या घामाची जिन्नस माझ्या नावानं तुझ्यापुढं ठेवली. मला ठाऊक न्हवतं. पोरीला ठाऊक होतं, पण पोर आपलीच हाय, तिचंपण माझ्या पदरात घाल.’  कल्पिताची लाज काकी मागून घेत होती, विहिरीवरून हंडा मागावा तशी सहज. मग काकीनं कमरेचा कागद काढला, मांडीवर उलगडला आणि स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत बसली. ‘ज्यांचा माल हाय, त्यांच्याकडेपण वाडी असंल,’ ती म्हणाली. ‘त्यांनी केलंच असंल की सगळं, चिलटं हाकलली असतील, वास सोसला असंल. त्यांच्यातपण कुणी बाई असंल. तिच्या जागी मी हसतेय, गो. आयत्या बिळावर नागोबा झाले मी.’

हे कल्पिताच्या एकदाही मनात आलं नव्हतं. इतके महिने ती कुढत होती, रात्री उठून बसत होती, ते काकीसाठी, काकांसाठी, खरं म्हणजे स्वतःसाठी. त्या शिक्का मारलेल्या पोत्यांमागं कुणी माणूस आहे, पेटीवर वाकलेलं, आंबट वासानं नाक मुरडणारं, हे तिच्या डोक्यातही शिरलं नव्हतं. माणसांना मान मिळाला पाहिजे अशी वाक्यं लिहून लिहून तिचा हात बसला होता.

काकीनं नवं पान घेतलं नाही, तेच पान नीट केलं. तुकडा परत ठेवला. ‘आता देवापुढं आलंय तर तसंच उचलून न्यायचं न्हाय. ज्याचं त्याच्या नावानं ठेवू,’ ती म्हणाली. काकांनी काडी ओढली, दिवा पुन्हा लागला. काकीनं हात जोडले. ‘बा राखणदारा, ही जिन्नस आमची न्हाय. ही पयली जिन्नस...’ तिथं ती अडली. डोळे उघडले आणि मान वळवून कल्पिताकडे बघितलं, रागानं नाही, नुसती वाट बघत.

‘कुणाच्या वाडीची? नाव सांग.’

कल्पिताच्या मुठीत चॉकलेट पुरतं वितळलं होतं, बोटांच्या फटींतून खाली येत होतं. पर्समध्ये तो डागाळलेला कागद होता. काका दिव्याला टोपी आडवी धरून तिच्याकडे बघत होते. काकीचे हात जोडलेलेच होते.

‘नाव सांग गो कल्पू,’ काकी म्हणाली. ‘बिननावाचं कसं ठेवू?’